वचन गव्हर्नरचे, जाब कोणापुढे?

शंभराची नोट हातात घेऊन तिच्यावरचा बारीक मजकूर वाचला, तर तिथे दोघांनी जबाबदारी घेतलेली दिसते. एक ओळ सांगते की या नोटेला केंद्र सरकारची हमी आहे. दुसऱ्या ओळीत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला शंभर रुपये देण्याचे वचन देतात आणि त्याखाली सही करतात. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नाही. ती भारत सरकारची नोट, तिच्यावर अर्थसचिवांची सही. त्यावरच्या प्रत्येक नोटेचे मात्र असेच आहे: हमी सरकारची, वचन गव्हर्नरचे. हमी देणाऱ्याला निवडणुका जिंकायच्या असतात, खर्च भागवायचा असतो, कर्ज स्वस्त हवे असते. वचन देणाऱ्याला त्या शंभर रुपयांत पुढच्या वर्षीही जवळपास तेवढाच बाजार येईल हे पाहायचे असते. दोघांचे बहुतेक वेळा जमते. जमत नाही तेव्हा कोणाचे चालावे, आणि जे चालले ते का चालले हे नोट बाळगणाऱ्याला कोणी सांगावे, हे नव्वद वर्षांत आपण नीट ठरवलेले नाही.

रिझर्व्ह बँकेच्या स्वायत्ततेची चर्चा आपल्याकडे बहुधा माणसांची चर्चा होऊन बसते. अमुक गव्हर्नर ताठ कण्याचे, तमुक सरकारधार्जिणे. या अर्थमंत्र्यांनी बँकेला वाकवले, त्या गव्हर्नरांनी राजीनामा तोंडावर फेकला. या कथांत तथ्य नसते असे नाही. पण बँकेचा १९३५ पासूनचा इतिहास सलग वाचला की वेगळीच गोष्ट ठळक होते. सरकार आणि बँक यांच्यातला व्यवहार ज्या ज्या वेळी नियमात बसवला गेला, सह्या करून लोकांपुढे ठेवला गेला, त्या त्या वेळी बँक मजबूत झाली. तो बंद लखोट्यात राहिला, तेव्हा दोन्ही बाजूंना सज्जन आणि कर्तबगार माणसे असूनही रुपयाचे नुकसान झाले. गव्हर्नरांच्या पदाला आज सर्वांत मोठी गरज आहे ती आपल्या निर्णयांची आणि अपयशांची कारणे उघडपणे सांगण्याच्या कायदेशीर सक्तीची. ही सक्ती वरवर पाहता त्यांच्यावरचे ओझे वाटेल. प्रत्यक्षात तीच त्यांची ढाल आहे, हे या लेखात मांडायचे आहे.

आधी नोटेच्या मागे काय उभे असते ते पाहू. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यातला नियम वाचायला कडक होता. काढलेल्या नोटांच्या ४० टक्के किमतीचे सोने व स्टर्लिंग रोखे बँकेकडे हवेत, आणि त्यात किमान ४० कोटींचे सोने हवे. स्टर्लिंग रोख्यांना सोन्याच्या पंक्तीला बसवण्याची जी सवलत त्यात होती, तिथेच पाणी मुरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने सैन्य, कापड, धान्य, पोलाद यांवर भारतात अफाट खर्च केला. त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात जमा व्हायचे आणि त्या जमेच्या आधारावर इकडे रुपयाच्या नोटा निघायच्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहापटींच्या घरात गेल्या. कायद्याचा कानामात्राही मोडला नव्हता. माल मात्र सैन्याकडे जात होता आणि लोकांच्या हाती कागद येत होता. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, पण युद्धखर्चाच्या पैशाने भाव चढले आणि रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हातून तांदूळ निसटला, हे त्यांतले एक मोठे कारण.

चलन चालवणाऱ्याच्या हातात मोकळीक दिली की काय होते, हे वीस वर्षे आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले होते. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये भारतातल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची तरफदारी केली होती: देशात रुपया चालावा, सोने परदेशी देण्याघेण्यापुरते असावे, आणि चलन किती ठेवायचे ते चालकांनी परिस्थिती पाहून ठरवावे. आंबेडकरांनी नेमके या शेवटच्या मुद्द्यावर बोट ठेवले. चलन वाढवण्याचा निर्णय मर्जीवर सोडला की ते वाढतच जाते, म्हणून त्याला कायद्याचे कुंपण हवे, अशी त्यांची मांडणी. ज्याच्या शिफारशीतून पुढे रिझर्व्ह बँक आली त्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी तीच भूमिका घेतली. रुपया स्वस्त झाला की उत्पादक आणि निर्यातदार खूश होतात. पण भाव आधी चढतात आणि मजुरी मागून वाढते, म्हणून तो नफा मजुराच्या पदरातून काढलेला असतो, हेही त्यांनी सांगितले. रिझर्व्ह बँक आंबेडकरांच्या पुस्तकावरून निघाली असे जयंतीच्या भाषणांत ऐकायला मिळते. हे विधान घाईचे आहे. आयोगाने सुचवलेली व्यवस्था त्यांच्या शिफारशीहून वेगळी होती. त्यांचा प्रश्न मात्र आजही तसाच समोर उभा आहे, आणि त्यांच्या मोठेपणाला तेवढे पुरेसे आहे.

कारण सोन्याचे कुंपण आता नावापुरते उरले आहे. १९५७ च्या दुरुस्तीपासून बँकेने २०० कोटी रुपयांचे सोने व परकीय रोखे राखले, त्यात ११५ कोटींचे सोने असले, की नोटांच्या संख्येवर कायद्याचे दुसरे बंधन राहत नाही. आज चलनातल्या नोटा ३५ लाख कोटी रुपयांच्या पुढे आहेत. कायद्यातला आकडा २०० कोटीच आहे. बँकेकडे प्रत्यक्षात कितीतरी जास्त सोने आणि डॉलर आहेत हे खरे, पण इथे विचार सक्तीचा चालला आहे. मग रुपया किती काढावा यावर आज खरी मर्यादा कोणती? २०१६ मध्ये कायद्यात घातलेले महागाईचे लक्ष्य, एवढीच. किरकोळ महागाई ४ टक्के असावी, फार तर २ ते ६ यांच्या दरम्यान हलावी, असे सरकारने त्या वर्षी ५ ऑगस्टला अधिसूचित केले आणि २०२१ मध्ये तेच लक्ष्य पुढच्या पाच वर्षांसाठी कायम ठेवले. लक्ष्य ठरवते सरकार, रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून. ते गाठण्यासाठी रेपो दर ठरवते सहा जणांची पतधोरण समिती: तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे, आणि मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे निर्णायक मत. चौदाव्या दिवशी बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध होते, त्यात कोणी कुठे मत दिले आणि का दिले ते नावानिशी असते. आंबेडकरांना हवे असलेले कुंपण सोन्याच्या ऐवजी एका आकड्याच्या रूपाने आले, असे म्हणायला हरकत नाही.

कुंपण ओलांडले तर काय, याचीही तरतूद कायद्याने केली. सलग तीन तिमाह्यांत सरासरी महागाई मर्यादेबाहेर राहिली तर बँक अपयशी ठरते आणि कलम ४५ झेडएन प्रमाणे तिने सरकारला अहवाल द्यायचा असतो: अपयश का आले, काय उपाय करणार, लक्ष्यावर यायला किती काळ लागेल. २०२२ मध्ये तशी वेळ आली. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली; एप्रिलमध्ये ती ७.७९ टक्के होती. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी समितीची खास बैठक झाली. दर ठरवण्यासाठी ती नव्हतीच. सरकारला द्यायच्या या अहवालाच्या पत्रावर विचार करण्यासाठी होती. पत्र सरकारकडे गेले आणि तिथेच राहिले. ते जाहीर करणे आपल्या अधिकारात नाही, अशी भूमिका तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी घेतली. डिसेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितले की कायद्यात अहवाल प्रसिद्ध करण्याची तरतूद नाही. कायद्याच्या अक्षराप्रमाणे दोघेही बरोबर होते. पण रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुतांश रेपोशीच, बांधलेली आहेत. वीस वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा व्याजदर ७ वरून साडेनऊ टक्के झाला तर हप्ता सुमारे २३,२६० रुपयांवरून २७,९६० वर जातो, म्हणजे महिन्याला ४,७०० रुपये जास्त. बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. कर्जदाराला तेव्हा कळले नाही, पण फेडायचे त्यालाच आहे. या कर्जदाराने एका अपयशाची किंमत मोजली. त्या अपयशाची कारणे लिहिलेला कागद वाचण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

हा कागद उघडा असण्याचा आग्रह का, हे कळायला गव्हर्नरपदाची कायद्यातली जागा किती डळमळीत आहे ते पाहावे लागते. नेमणूक सरकार करते. मुदत पाच वर्षांपर्यंत कितीही ठेवता येते. अलीकडे ती तीन वर्षांची असते आणि फेरनेमणूक सरकारच्या हाती असते. कलम ११ प्रमाणे सरकार गव्हर्नरांना पदावरून काढू शकते आणि कारण देण्याची अट त्यात नाही. कलम ७ प्रमाणे सार्वजनिक हितासाठी, गव्हर्नरांशी विचारविनिमय करून, सरकार बँकेला आदेश देऊ शकते. एवढ्या कच्च्या जमिनीवर उभे राहून गव्हर्नर नाही म्हणू शकतात, ते रूढीच्या आणि प्रतिष्ठेच्या जोरावर. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांचे व्याज आणि विनिमय दर यांवरून व्हाइसरॉयच्या सरकारातले अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग यांच्याशी फाटले आणि दोन-सव्वादोन वर्षांत ते निघून गेले. एकाही नोटेवर त्यांची सही नाही.

स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खटका बेनेगल रामराव यांच्या वेळी उडाला, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९५६ च्या अखेरीस अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवले. दिसायला ही साधी करवाढ. पण तेव्हा बँका रिझर्व्ह बँकेकडून हुंड्यांच्या तारणावर उचल घेत असत. शुल्क वाढले की ती उचल महागली, म्हणजे बँक दराला हात न लावता तो वाढवल्यासारखे झाले. दर ठरवणे बँकेचे काम, ते अर्थखात्याने कराच्या वाटेने केले. बँकेच्या मध्यवर्ती मंडळाने ठराव करून म्हटले की पतधोरणावर परिणाम करणाऱ्या गोष्टी आधी आमच्याशी बोलून करा. मंत्री बँकेला आपल्या खात्याची एक शाखा समजत होते आणि ते तसे बोलूनही दाखवत. नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली: धोरण सरकारचे, बँकेने सल्ला द्यावा, पण सरकारहून वेगळ्या दिशेने जाऊ नये. जानेवारी १९५७ मध्ये रामराव गेले. साडेसात वर्षे पदावर राहिलेला, आजवरचा सर्वांत दीर्घ कारकिर्दीचा गव्हर्नर असा गेला. नेहरूंचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे मला वाटत नाही. लोकांनी निवडलेल्या सरकारचा शब्द शेवटचा असावा यात वावगे काही नाही. चूक पद्धतीत होती. सरकारला पैसा महाग करायचा होता तर तसे सांगून, बँकेला आदेश देऊन, जबाबदारी घेऊन करता आले असते. त्याऐवजी एक शुल्क पुढे आले आणि खरा निर्णय त्याच्या आड राहिला.

याहून मोठी आणि याहून मूक गोष्ट दोन वर्षे आधीच घडून गेली होती. सरकारच्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी रुपये शिल्लक हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. १९५५ मध्ये असे ठरले की शिल्लक त्याखाली गेली तर सरकारने आपोआप तदर्थ ट्रेझरी बिले काढावीत, बँकेने ती घ्यावीत आणि खाते भरून द्यावे. सोय ९१ दिवसांची, तात्पुरती. त्यासाठी कायदा झाला नाही, संसदेत चर्चा झाली नाही. प्रशासकीय पत्रव्यवहारावर काम भागले. पुढे जुनी बिले संपली की नवी निघू लागली आणि तात्पुरती उचल कायमची झाली. १९७४ पासून तिच्यावरचे व्याज ४.६ टक्क्यांवर गोठवले गेले. बाजारातले दर दुपटीच्या वर गेले तरी ते तिथेच राहिले. तूट कितीही येवो, रिझर्व्ह बँक तेवढा पैसा निर्माण करून देणार, असा त्याचा अर्थ. आंबेडकरांना ज्याची धास्ती होती ते असे, आवाज न करता, दर शुक्रवारी घडू लागले.

त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, आयसीएस परीक्षेत पहिले आलेले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले देशमुख. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या बाजूने बोलले, फाळणीत दोन देशांच्या चलनाची वाटणी त्यांनी निभावली, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडले. मराठी माणसाला त्यांचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. बँकेची नस त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणत्या अर्थमंत्र्याला ठाऊक होती? तरीही त्यांच्या कारकिर्दीत ही खिडकी उघडली, आणि ती ४२ वर्षे उघडी राहिली. मी हे त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ती वाढत जाईल असे तेव्हा कोणाला वाटले नसावे. पण 'गव्हर्नर खंबीर असला की पुरे, कायद्यांचे काय घेऊन बसलात' असे म्हणणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे. मंत्र्यांना बँक कळत होती, गव्हर्नर अनुभवी होते, दोघांचे संबंध चांगले होते, आणि या चांगुलपणाच्या सावलीत रुपयाच्या कुंपणाला भगदाड पडले.

ते बुजवले कसे गेले, यात पुढचा पुरावा आहे. १९९३ मध्ये गव्हर्नर सी. रंगराजन यांनी कोलकात्यातल्या एका व्याख्यानात हा विषय जाहीरपणे मांडला. सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि बँक यांच्यात लेखी करार झाला: वर्षअखेरीस तदर्थ बिले ६,००० कोटींच्या वर नकोत, आणि मधल्या काळात सलग दहा कामकाजाच्या दिवसांहून जास्त काळ ९,००० कोटींच्या वर नकोत. अर्थमंत्री होते मनमोहन सिंग, म्हणजे तेही माजी गव्हर्नरच. मार्च १९९७ मध्ये दुसरा करार होऊन एप्रिलपासून तदर्थ बिले बंद झाली. त्यांच्या जागी मर्यादा ठरवलेली, बाजाराच्या जवळपासच्या व्याजाची तात्पुरती उचल आली. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने सरकारचे रोखे थेट सरकारकडून घेण्यालाच, १ एप्रिल २००६ पासून, अपवाद सोडून बंदी झाली. देशमुखही माजी गव्हर्नर, सिंगही माजी गव्हर्नर. एकाच्या वेळी भगदाड पडले, दुसऱ्याच्या वेळी ते बुजवायला सुरुवात झाली. पहिल्या वेळी व्यवहार फायलीत राहिला. दुसऱ्या वेळी त्यात आकडे होते, मुदत होती, सह्या होत्या आणि सगळ्या देशाला त्याची खबर होती.

उलटा पुरावा ८ नोव्हेंबर २०१६ चा. चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा त्या रात्री रद्द झाल्या. कायद्याप्रमाणे अशी शिफारस रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाकडून यावी लागते. सरकारचे पत्र आदल्या दिवशी, ७ तारखेला गेले. मंडळ ८ ला संध्याकाळी साडेपाचला दिल्लीत बसले आणि अडीच तासांनी पंतप्रधान दूरचित्रवाणीवर बोलत होते. त्या बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात बाहेर यायला २०१९ साल उजाडले. त्यात संचालकांनी नोंदवले होते की काळा पैसा बहुतेक रोख रकमेत नसतो, सोन्यात आणि जमीनजुमल्यात असतो. बनावट नोटांचा आकडा एकूण चलनाच्या मानाने लहान आहे. आणि त्या वर्षीच्या विकासदराला झळ बसेल. एवढे लिहून मंडळाने शिफारस केली. नंतर १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, म्हणजे संचालकांची शंका खरी ठरली. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने प्रक्रिया वैध ठरवली, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी मात्र भिन्न मत देताना म्हटले की बँकेने यात स्वतंत्र बुद्धीने विचार केल्याचे दिसत नाही. पाचशेच्या नोटा बदलण्यासाठी लोक रांगेत उभे होते त्या आठवड्यातच हे इतिवृत्त वाचायला मिळाले असते, तर संसदेतली आणि गावागावांतली चर्चा वेगळ्या पायावर झाली असती. आपल्या शंका लोकांपुढे जाणार आहेत हे माहीत असते, तर संचालकांनी त्या नोंदवून लगेच बाजूला ठेवल्या असत्या का, हाही प्रश्न आहेच.

२०१८ मध्ये पुन्हा तेच झाले. आजारी सरकारी बँकांवरचे निर्बंध, बिगरबँक वित्त कंपन्यांना रोकड, आणि बँकेच्या गंगाजळीतून सरकारला किती द्यायचे, अशा अनेक गोष्टींवर मतभेद साचले. कलम ७ चा आदेश याआधी कधी काढलेला नव्हता; त्या कलमाखाली विचारविनिमय सुरू झाल्याच्या बातम्या आल्या, पत्रे मात्र कोणी पाहिली नाहीत. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईत ए. डी. श्रॉफ स्मृती व्याख्यानात, बँकेची स्वायत्तता डावलणाऱ्या सरकारांना बाजार शिक्षा करतो, असा इशारा दिला. १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल 'वैयक्तिक कारणां'साठी पायउतार झाले. वाद कशाबद्दल होता हे जनतेला तुकड्यातुकड्यांनी, सूत्रांच्या हवाल्याने कळले. त्यातला गंगाजळीचा भाग मात्र पुढे सुटला, आणि सुटला तो बिमल जालान समितीच्या प्रसिद्ध झालेल्या सूत्राने. अडचणीच्या काळासाठी ताळेबंदाच्या साडेपाच ते साडेसहा टक्के इतकी तरतूद ठेवावी, उरलेले द्यावे. २०१८-१९ साठी त्या सूत्राने १,७६,०५१ कोटी रुपये सरकारला गेले. ती रक्कम मला तेव्हा मोठी वाटली आणि आजही वाटते. २०२५ मध्ये पट्टा साडेचार ते साडेसात टक्के असा रुंद केला, तरतूद वरच्या टोकाला नेली आणि २,६८,५९० कोटी दिले. हे योग्य की अयोग्य यावर कोणीही अर्थशास्त्राचा विद्यार्थी आकडे घेऊन वाद घालू शकतो. सूत्र समोर असल्याने तो वाद शक्य तरी होतो.

यावर पहिला आक्षेप असा की पत्रे उघड केली तर बाजार बिथरेल. महागाई अमुक महिन्यांनी उतरेल असे गव्हर्नरांनी लिहायचे आणि ती उतरली नाही, तर बँकेची पत जाईल. इंग्लंडचा अनुभव याविरुद्ध आहे. १९९७ पासून तिथे महागाई लक्ष्यापासून एक टक्क्याहून जास्त ढळली की बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांनी अर्थमंत्र्यांना लिहिलेले पत्र आणि मंत्र्यांचे उत्तर प्रसिद्ध होते. पहिले पत्र मर्व्हिन किंग यांनी एप्रिल २००७ मध्ये लिहिले, महागाई ३.१ टक्के झाली म्हणून. त्यानंतर अशी कितीतरी पत्रे निघाली, त्यांतले काही अंदाज सपशेल चुकले, टीका झाली, आणि बँक जागेवर आहे. शिवाय आपली पतधोरण समिती दर दोन महिन्यांनी महागाईचे अंदाज प्रसिद्ध करतेच आणि तेही चुकतात. अंदाज चालतात पण अपयशाची कारणे चालत नाहीत, हे तर्काला धरून नाही. बुडत्या बँकेला उचल देण्यासारख्या गोष्टी काही दिवस गुप्त ठेवाव्या लागतात; तसा अपवाद कायद्यात लिहिता येईल. तीन तिमाह्यांनंतर लिहिलेल्या पत्रात मात्र तातडीचे गुपित कसले असणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आपल्या शेतातून येतो. महागाईचे लक्ष्य म्हणजे शहरी ग्राहकाचे राज्य, शेतकऱ्याचा भाव पाडण्याचे शास्त्र, असे शेतकरी संघटनांतले लोक म्हणतात. २०१२ च्या पाया वर्षावरच्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. पाऊस लांबला, कांदा सडला, की निर्देशांक चढतो. कांद्यावर रेपो दराची मात्रा चालत नाही. मग सरकार निर्यात अडवते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरमध्ये थेट बंदी आली, आणि लासलगावच्या बाजार समितीत भाव कोसळले. आकडा आटोक्यात ठेवण्याची किंमत नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाने भरली. हा राग खरा आहे. पण उत्तर लक्ष्य सोडून देण्यात असेल असे मला वाटत नाही, कारण महागाई मोकाट सुटली की खत, डिझेल आणि मजुरी यांच्या रूपाने ती त्याच शेतकऱ्याच्या दारात येते. ४५ झेडएनच्या पत्रात नेमके हेच असायला हवे की किती महागाई पिकामुळे आली, किती तेलामुळे, किती सैल पैशामुळे. आणि कोणता उपाय बँकेचा, कोणता सरकारचा. ते पत्र उघडे असेल तर कांदा उत्पादक विचारू शकेल की पैशाच्या चुकीचे प्रायश्चित्त माझ्या पिकाला का. आज त्याला भांडायला कागदच मिळत नाही. मजुरीच्या मागे भाव धावतो की भावाच्या मागे मजुरी, हा आंबेडकरांचा जुना प्रश्नही त्याच कागदावर विचारता येईल.

तिसरे म्हणणे असे की स्वायत्तता दिली म्हणून चलन वाचते असे कुठे आहे? जर्मनीच्या राइशबँकेला मे १९२२ मध्ये कायद्याने सरकारपासून स्वतंत्र केले होते, आणि तिचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन त्यानंतरही नोटा छापत राहिले. पुढच्या वर्षी मार्क मातीमोल झाला. हे उदाहरण मला पटते, आणि ते माझ्या मांडणीच्या बाजूचे आहे. कोणाला जाब न देणारा स्वतंत्र गव्हर्नर सरकारच्या ताटाखालच्या गव्हर्नराइतकाच धोक्याचा ठरू शकतो. दुसऱ्या टोकाला तुर्कस्तान आहे. तिथे मार्च २०२१ मध्ये व्याजदर १९ टक्क्यांवर नेल्यावर दोनच दिवसांत गव्हर्नर नाजी आबाल यांना अध्यक्ष एर्दोगान यांनी काढून टाकले. ऑक्टोबर २०२२ पर्यंत महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली. आपल्या कायद्यातले कलम ११ शब्दशः पाहिले तर असे करायला आपल्या सरकारलाही अडथळा नाही. कोणत्याही सरकारने ते केलेले नाही हे श्रेय सर्व पक्षांना द्यायला हवे. पण श्रेय रूढीचे आहे, आणि रूढी मोडायला एक सकाळ पुरते.

यासाठी लागणाऱ्या दुरुस्त्या मोठ्या नाहीत. कलम ४५ झेडएनमध्ये एक वाक्य वाढवावे: बँकेचा अहवाल आणि त्यावरचे सरकारचे उत्तर तीस दिवसांत संसदेच्या पटलावर ठेवावे. कलम ७ खालचा आदेश लेखी असावा, त्याला गव्हर्नरांचे मत जोडावे, आणि दोन्ही राजपत्रात यावे. म्हणजे सरकारचा शेवटचा शब्द सरकारकडेच राहील, फक्त तो सरकारच्या नावाने उच्चारला जाईल. कलम ११ खाली गव्हर्नरांना काढायचे तर कारणे नोंदवावीत. मुदत पाच वर्षांची ठरवून टाकावी, म्हणजे फेरनेमणुकीची टांगती तलवार तिसऱ्या वर्षीच डोक्यावर येणार नाही. आणि संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे गव्हर्नरांनी वर्षातून दोनदा, दारे उघडी ठेवून, उत्तरे द्यावीत. जानेवारी २०१७ मध्ये ऊर्जित पटेल या समितीपुढे नोटाबंदीबद्दल बोलायला गेले होते, पण ती सुनावणी बंद खोलीत झाली. या पाचही गोष्टींना पैसा लागत नाही आणि घटनादुरुस्तीही लागत नाही. २०१६ ची दुरुस्ती वित्त विधेयकातून झाली होती. तेवढाच मार्ग याला पुरेसा आहे. आणि २०२२ चे पत्र प्रसिद्ध करायला तर तेवढेही लागत नाही. सरकारने ते संसदेच्या पटलावर ठेवायचे ठरवले तर कायद्यातले कोणतेही कलम त्याला आडवे येत नाही.